गोळी, गर्भारपण, एचआरटी: इस्ट्रोजेनमुळे अ‍ॅड्रिनलचे आकडे का बदलतात?

अंतःस्राव (धागाकर्ता)

पीसीओएस (बीजकोशांशी निगडित हार्मोन-विकार) आणि रजोनिवृत्तीच्या धाग्यांवर एक रिपोर्ट पुन्हा पुन्हा येतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, सकाळचा कॉर्टिसॉल २८-३० आला आहे आणि पुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेलं आहे. मग कोणी कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल खरोखर जास्त होण्याचा आजार) सुचवतं, कोणी 'अ‍ॅड्रिनल थकल्या आहेत' म्हणतं, कोणी अश्वगंधा. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो: इस्ट्रोजेनमुळे ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवते, की फक्त आकडा वाढतो? त्यासाठी हा वेगळा धागा.

आधी ग्रंथीची रचना. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर चार-पाच ग्रॅमची एक अ‍ॅड्रिनल असते. तिच्या सालीचे तीन थर आहेत. बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो, म्हणजे मीठ, पोटॅशियम आणि रक्तदाबाचा कारभार त्याच्याकडे. मधला थर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड देणारं हार्मोन, बनवतो. आतला थर डीएचईए (पुरुषी हार्मोनांचा कच्चा माल) आणि त्याचं सल्फेट, म्हणजे डीएचईए-एस, बनवतो. इस्ट्रोजेनचा परिणाम या तिन्हींवर सारखा नसतो, त्यामुळे तिन्हींचं वेगवेगळं बोलू.

कॉर्टिसॉल. रक्तातला ८० ते ९० टक्के कॉर्टिसॉल सीबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. थोडा अल्ब्युमिनला सैल चिकटतो आणि जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास मोकळा असतो. पेशीत शिरून काम करतो तो हा मोकळा. सीबीजी यकृतात बनतं, आणि तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जात असल्याने यकृत सीबीजीचं उत्पादन वाढवतं. वाहक वाढले की मोकळा कॉर्टिसॉल क्षणभर कमी होतो, पिट्यूटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हार्मोन, थोडं वाढवते आणि मोकळा भाग पूर्वीच्या पातळीला येईपर्यंत एकूण साठा भरत जातो. मग सगळं पुन्हा स्थिर.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की साठा एकदा भरल्यावर ग्रंथीला रोज जास्त कॉर्टिसॉल बनवावा लागत नाही. प्रथिनाला चिकटलेला कॉर्टिसॉल यकृत-किडनीत सावकाश मोडतो, त्याचं अर्धायुष्य वाढतं. म्हणून एकूण आकडा दुप्पट झाला तरी रोजचं उत्पादन जवळपास तेवढंच राहतं. एसटी स्टँडवर गाड्या दुप्पट उभ्या केल्या की बसलेले प्रवासी जास्त दिसतात, पण गावात उतरून कामाला लागलेली माणसं तेवढीच असतात.

नेहमीच्या प्रयोगशाळेतली 'सीरम कॉर्टिसॉल' तपासणी चिकटलेला आणि मोकळा असा एकूण कॉर्टिसॉल मोजते. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

निशिगंध

माला-डी किंवा माला-एन घेणाऱ्यांनाही हे लागू होतं का? आणि रजोनिवृत्तीनंतर लावायचं जेल?

अंतःस्राव

माला-डी आणि माला-एन दोन्हींत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल (कृत्रिम इस्ट्रोजेन) आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉन गटातलं) असतं. त्यामुळे हो, पूर्ण लागू. (पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत सीबीजी पुरेसं खाली येत नाही, त्यामुळे 'लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात रक्त देते' या युक्तीचा उपयोग होत नाही.)

जेलची गोष्ट वेगळी. त्यात शरीरात असतं तेच इस्ट्राडायॉल असतं आणि ते कातडीतून थेट रक्तात जातं. यकृतावर एकदम मोठा लोंढा येत नाही, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत सीबीजी फारसं हलत नाही. इस्ट्राडायॉलच्या पॅचचंही तसंच. रजोनिवृत्तीनंतर पोटात घेतलेलं इस्ट्राडायॉल व्हॅलरेट किंवा घोडीच्या मूत्रापासून काढलेलं संयुग्मित इस्ट्रोजेन मात्र सीबीजी वाढवतं.

फक्त 'कातडीतून म्हणजे सुरक्षित' असा सरसकट नियम करू नका. गर्भनिरोधक पॅच आणि योनीत ठेवायची रिंग यांत बहुधा एथिनिल इस्ट्राडायॉल असतं. हा रेणू यकृतात सहज निकामी होत नाही, त्यामुळे कुठल्याही वाटेने आला तरी तो यकृतातली प्रथिनं वाढवतो. पाकिटावर इस्ट्रोजेनचं नाव कोणतं आहे ते आधी वाचा, मार्ग नंतर.

नुसत्या प्रोजेस्टेरॉन गटातल्या गोळ्या, तांबी, हार्मोनवाली तांबी: यांनी सीबीजी जवळपास बदलत नाही.

सीरमवाला

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो. फॉर्मवर 'चालू औषधे' हा रकाना बहुतेक वेळा कोराच येतो. गर्भनिरोधक गोळी हे औषध आहे असं कोणाला वाटतच नाही. रक्त काढणाऱ्याने तोंडाने विचारायलाच हवं: गोळी, एचआरटी (रजोनिवृत्तीनंतरची हार्मोनची औषधं), गर्भारपण, त्वचेचं स्टिरॉइड मलम, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या.

बायोटिन मुद्दाम सांगतो. केस-नखांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी सर्रास घेतली जाते. बायोटिन-स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन पद्धतीच्या जुन्या किटमध्ये त्यामुळे कॉर्टिसॉल खोटा जास्त आणि एसीटीएच खोटं कमी येऊ शकतं. म्हणजे कागदावर हुबेहूब अ‍ॅड्रिनलच्या गाठीचं चित्र उभं राहतं. बऱ्याच नव्या किटमध्ये ही अडचण कमी केली आहे, पण आपल्या प्रयोगशाळेत कोणतं किट आहे हे रुग्णाला कळणं अवघड. तपासणीआधी तीन दिवस बायोटिन बंद ठेवणं सोपं. एकीकडे गोळी, दुसरीकडे बायोटिन असेल तर एकाच रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या चुका बसतात.

पेशीबंध

आता कुशिंग शोधायच्या डेक्सामेथासोन चाचणीचं लिहिते (हे कृत्रिम स्टिरॉइड दिलं की निरोगी शरीर स्वतःचा कॉर्टिसॉल थांबवतं), कारण सर्वाधिक खोटे पॉझिटिव्ह तिथे येतात.

पद्धत: रात्री ११ ते १२ च्या दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम (आपल्याकडे ०.५ च्या दोन गोळ्या), दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त. निरोगी माणसात कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जातो. दुसऱ्या एककात सांगायचं तर ५० नॅनोमोल प्रति लिटर. (मायक्रोग्रॅमचा आकडा २७.६ ने गुणला की नॅनोमोल मिळतात. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवण्याआधी एकक बघाच.)

गोळी चालू असेल तर पिट्यूटरी दबते, ग्रंथीही दबते, पण सीबीजीला चिकटलेला साठा लवकर उतरत नाही आणि आकडा १.८ च्या वर राहतो. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये निम्म्यापर्यंत चाचण्या अशा खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. म्हणून अंतःस्रावतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शक्य असेल तर इस्ट्रोजेन ६ आठवडे थांबवून मग ही चाचणी करा. एवढा काळ का? सीबीजीचं अर्धायुष्य साधारण पाच दिवसांचं आहे, आणि आधी यकृताचं वाढलेलं उत्पादन उतरायला हवं. दोन आठवड्यांनी रक्त दिलं तर ना धड आधीचं चित्र, ना नंतरचं.

चाचणी बिघडण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे विसरून चालणार नाही: रिफॅम्पिसिन. टीबीची औषधं चालू असतील तर यकृत डेक्सामेथासोन इतक्या लवकर मोडतं की सकाळपर्यंत पुरेसं उरतच नाही. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचंही तेच. तिथे दोष सीबीजीचा नसतो, औषध कमी पडलेलं असतं. सोय असेल तर त्याच नमुन्यात डेक्सामेथासोनची पातळी मोजून हा घोळ सोडवता येतो.

कोकणकडा

सहा आठवडे गोळी थांबवा हे लिहायला सोपं आहे. घरात कोण ऐकणार? शिवाय गर्भ राहिला तर कॉर्टिसॉल अजूनच वाढणार.

पेशीबंध

बरोबर. म्हणूनच गोळी थांबवण्याआधी पर्यायी साधन ठरलेलं असायला हवं, निरोध किंवा तांबी. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना न सांगता थांबवू नका. काहींना गोळी जोरदार रक्तस्राव किंवा एंडोमेट्रिओसिससाठी दिलेली असते.

थांबवणं शक्य नसेल तर सीबीजीवर न विसंबणाऱ्या तपासण्या निवडायच्या. त्या दोन.

पहिली, रात्री उशिराच्या लाळेतला कॉर्टिसॉल. लाळेत मोकळा कॉर्टिसॉलच उतरतो. नमुना रात्री ११ च्या सुमारास, दोन वेगवेगळ्या रात्री. आधी अर्धा तास खाणं-पिणं आणि दात घासणं नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या रात्री नमुना नको, कारण रक्ताच्या थेंबासोबत चिकटलेला कॉर्टिसॉलही येतो. तंबाखू आणि मिश्री नको. हाताला किंवा ओठाला हायड्रोकॉर्टिसोन मलम लागलेलं असेल तर आकडा हजारात जाऊ शकतो. आणि ज्येष्ठमध! घसा धरला की चघळायची सवय असते. ज्येष्ठमधातलं द्रव्य कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करणारं विकर (एन्झाइम) अडवतं, आणि लालाग्रंथीत तेच विकर असतं, त्यामुळे लाळेतला आकडा खोटा वाढतो. रात्रपाळी करणाऱ्यांना ही तपासणी उपयोगाची नाही, त्यांच्या झोपेचं घड्याळच उलटं असतं.

दुसरी, २४ तासांच्या लघवीतला मोकळा कॉर्टिसॉल. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवीही त्यातच. सोबत क्रिएटिनिन मोजायला सांगा, म्हणजे संकलन अपुरं राहिलं असेल तर कळतं. दिवसाला पाच लिटरच्या वर पाणी पिणाऱ्यांत आकडा खोटा वाढतो. ही पण दोनदा.

तपासणी करायची की नाही हे मात्र शरीराकडे बघून ठरवा. बोटभर रुंद जांभळट चट्टे, किरकोळ धक्क्याने काळंनिळं पडणं, जिना चढताना किंवा उकिडवं बसून उठताना मांड्यांत जोर नसणं, ही कुशिंगची बोलकी लक्षणं. नुसतं वजन, थकवा आणि गोळीवरचा कॉर्टिसॉल ३० एवढ्यावर शोध सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

निशिगंध

उलट बाजूची भीती कोणी मांडली नाही. आकडा खोटा वाढतो, तर कमतरता झाकली जात नाही का?

अंतःस्राव

जाते, आणि मला हीच बाजू जास्त धोक्याची वाटते. खोट्या 'हाय'मुळे काळजी आणि खर्च होतो. खोट्या 'नॉर्मल'मुळे अ‍ॅडिसनचा (ग्रंथीच निकामी होण्याचा आजार) रुग्ण क्रायसिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या अवस्थेत, जाऊ शकतो.

अ‍ॅड्रिनलची क्षमता बघायला एसीटीएचचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल किती चढतो ते मोजतात. जुन्या किटसाठी १८ मायक्रोग्रॅमची रेषा होती. नव्या, नेमक्या किटसाठी ती १४-१५ च्या आसपास आली आहे. या सगळ्या रेषा नेहमीचं सीबीजी गृहीत धरून आखलेल्या आहेत. गोळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये एकूण कॉर्टिसॉल १९ आला तरी मोकळा भाग तुटपुंजा असू शकतो, आणि कागदावर ती 'पास' होते.

म्हणून संशय असेल तर तीन गोष्टी शेजारी ठेवायच्या. एक, एसीटीएच. ते सीबीजीला चिकटत नाही, त्यामुळे ग्रंथीच निकामी असेल तर ते खूप वाढलेलं दिसतं. दोन, सोडियम, पोटॅशियम आणि रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारं किडनीचं विकर). तीन, लक्षणं: हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण काळवंडणं, मीठ खावंसं वाटणं, उभं राहिल्यावर घेरी. आपल्या देशात टीबी हे अ‍ॅड्रिनल निकामी होण्याचं अजूनही मोठं कारण आहे, हे विसरू नका. माणूस अत्यवस्थ असेल तर तपासणीच्या निकालाची वाट न बघता आधी हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं) इंजेक्शन देतात.

याच्या बरोबर उलटी स्थिती सिरॉसिस, नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं जाण्याचा किडनीचा विकार) आणि गंभीर जंतुसंसर्गात असते. तिथे सीबीजी-अल्ब्युमिन घटतं, एकूण कॉर्टिसॉल कमी दिसतो आणि चांगली ग्रंथी 'नापास' होते.

सीरमवाला

नळ्यांबद्दल एक, कारण चूक इथेच जास्त होते. एसीटीएच घ्यायचं तर ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी, लगेच बर्फात, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये प्लाझ्मा वेगळा. खोलीच्या तापमानाला राहिलं तर एसीटीएच मोडतं. रेनिनचं याच्या नेमकं उलट: ती नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीत प्रोरेनिनचं रेनिन होतं आणि आकडा खोटा वाढतो. दोन्ही एकाच वेळी काढली की कलेक्शन सेंटरवर दोन्ही नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात जातात. फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पेशीबंध

रेनिनचा विषय निघालाच आहे तर अल्डोस्टेरॉनकडे वळू.

पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतात सीबीजीसोबत अँजिओटेन्सिनोजेनही वाढवतं. हा अँजिओटेन्सिनचा कच्चा माल वाढला की तेवढ्याच रेनिनने जास्त अँजिओटेन्सिन तयार होतं, त्याने अल्डोस्टेरॉनला चालना मिळते, आणि शरीर रेनिनचं प्रमाण खाली आणून तोल साधतं. गोळी सुरू केल्यावर काहींचा रक्तदाब वाढतो त्यामागे ही साखळी आहे.

तपासणीत याचा फटका अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तराला बसतो. रेनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत: थेट प्रमाण, किंवा त्याची क्रियाशीलता. गोळी चालू असताना थेट प्रमाण कमी येतं, गुणोत्तर फुगतं आणि कॉन सिंड्रोमचा (ग्रंथी स्वतःहून जास्त अल्डोस्टेरॉन बनवते तो आजार) खोटा संशय येतो. क्रियाशीलतेच्या पद्धतीत कच्च्या मालाची वाढही धरली जाते, त्यामुळे चूक कमी होते. गोळीवर असलेल्या स्त्रीसाठी डॉक्टरांनी क्रियाशीलता मागावी. गोळी न घेणाऱ्यांतही पाळीच्या उत्तरार्धात थेट पद्धत फसवू शकते, म्हणून पाळी आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नमुना द्यावा.

बाकी तयारी: पोटॅशियम आधी दुरुस्त, मीठ नेहमीसारखं, स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारं औषध) चार आठवडे बंद (डॉक्टरांच्या देखरेखीखालीच), सकाळी उठून किमान दोन तास हालचाल, मग पाच ते पंधरा मिनिटं बसून रक्त. ज्येष्ठमध इथेही नको. ते रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दाबतं.

आणि ड्रॉस्पिरेनोनवाल्या गोळ्या. पीसीओएसमध्ये मुरुमं आणि केसांसाठी या बऱ्याचदा दिल्या जातात. ड्रॉस्पिरेनोन हा स्पायरोनोलॅक्टोनच्या कुळातला रेणू आहे, ३ मिलिग्रॅमचा अल्डोस्टेरॉनविरोधी परिणाम साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनइतका. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही वाढतात. अ‍ॅड्रिनल निकामी असलेल्या स्त्रीला ही गोळी द्यायची नसते. तिचं पोटॅशियम चढू शकतं.

कोकणकडा

अ‍ॅडिसन आधीच निदान झालेला असेल आणि साधी इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली तर हायड्रोकॉर्टिसोन वाढवायचं का?

अंतःस्राव

नुसत्या त्या कारणाने सहसा नाही. रोजची १५ ते २५ मिलिग्रॅमची मात्रा लक्षणं, वजन, रक्तदाब बघून ठरते. चूक होते ती अशी: गोळी सुरू झाल्यावर कोणी कॉर्टिसॉल मोजतं, तो मोठा दिसतो आणि 'डोस जास्त होतोय' म्हणून हायड्रोकॉर्टिसोन कमी केलं जातं. असं कधीच करू नये. इस्ट्रोजेनवर असताना एकूण कॉर्टिसॉलवरून मात्रा ठरवता येत नाही.

गर्भारपण वेगळं. तिथे सीबीजी दुप्पट-तिप्पट होतंच, पण शेवटच्या तिमाहीत मोकळा कॉर्टिसॉलही खरोखर वाढतो, कारण वारही (प्लॅसेंटा) सीआरएच, म्हणजे एसीटीएच वाढवणारं हार्मोन, बनवते. म्हणून त्या तिमाहीत हायड्रोकॉर्टिसोन साधारण २० ते ४० टक्के वाढवतात आणि प्रसूतीच्या वेळी १०० मिलिग्रॅम इंजेक्शनने देतात. फ्लुड्रोकॉर्टिसोनही (अल्डोस्टेरॉनच्या जागी दिलं जाणारं औषध) वाढवावं लागू शकतं, कारण प्रोजेस्टेरॉन अल्डोस्टेरॉनच्या जागा अडवतं.

निशिगंध

पण मादी उंदरांत इस्ट्रोजेन दिल्यावर अ‍ॅड्रिनल मोठी होते, कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, असं पाठ्यपुस्तकात आहे. मग ग्रंथीवर थेट परिणाम नाही असं कसं म्हणता?

रेणुबंध

थेट परिणाम नाही असं कोणी म्हणू नये, पण उंदराचं माणसाला लावताना दोन गोष्टी आड येतात. उंदराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये सीवायपी१७ हे विकर काम करत नाही. म्हणून त्याचं मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन आहे, आणि माणसासारखं डीएचईए त्याची अ‍ॅड्रिनल बनवतच नाही. दुसरं, मेंदूत इस्ट्रोजेनचे दोन ग्राहक (रिसेप्टर) एकमेकांविरुद्ध ओढतात: अल्फा ताणाचा प्रतिसाद वाढवतो, बीटा कमी करतो. मात्रा आणि काळ बदलला की प्रयोगाचा निकाल उलटतो.

माणसाच्या अ‍ॅड्रिनलच्या सालीत मुख्यतः बीटा ग्राहक सापडतो. अल्डोस्टेरॉनच्या पेशींवर प्रयोगशाळेत दिसलं की बीटामार्फत इस्ट्रोजेन अल्डोस्टेरॉनला आवर घालतं आणि जीपीईआर नावाच्या दुसऱ्या ग्राहकामार्फत वाढवतं. रजोनिवृत्तीनंतर तोल बदलत असावा असा तर्क त्यावरून केला जातो. तर्क म्हणूनच घ्यावा.

थेट परिणामाचं सर्वांत सुंदर उदाहरण गर्भात आहे. गर्भाची अ‍ॅड्रिनल आकाराच्या मानाने प्रचंड असते आणि तिचा मोठा भाग फक्त डीएचईए-एस बनवतो, नवव्या महिन्यात दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत. वारेला सीवायपी१७ नसतं, त्यामुळे ती एकटी इस्ट्रोजेन बनवू शकत नाही. ती गर्भाचं डीएचईए-एस घेऊन इस्ट्रोजेन बनवते. आणि जास्त प्रमाणातलं इस्ट्रोजेन अ‍ॅड्रिनल पेशींतलं ३-बीटा-एचएसडी हे विकर अडवतं, त्यामुळे कच्चा माल कॉर्टिसॉलकडे न जाता पुन्हा डीएचईएकडे वळतो. बाळाची ग्रंथी आणि आईची वार मिळून एक साखळी चालवतात. हे प्रमाण गोळीतून मिळणाऱ्या इस्ट्रोजेनच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे 'गोळीने डीएचईए वाढतं' असा अर्थ काढू नका.

निशिगंध

मग गोळीवर डीएचईए-एसचं काय होतं?

रेणुबंध

कमी होतं. यकृतातून एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनचं वाहक प्रथिन) वाढल्याने मोकळं टेस्टोस्टेरॉनही घटतं. म्हणून पीसीओएसचं मूळ शोधायच्या तपासण्या गोळी सुरू करण्याआधी द्याव्यात: पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी ८ च्या सुमारास, डीएचईए-एस, टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. शेवटचं २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर जन्मजात अ‍ॅड्रिनल विकाराच्या सौम्य प्रकारासाठी एसीटीएच चाचणी लागते. डीएचईए-एस ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं, किंवा आवाज घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं असं काही महिन्यांत घडलं, तर अ‍ॅड्रिनलचं स्कॅन टाळू नये. आणि गोळीवर असतानाही डीएचईए-एस खूप वाढलेलं असेल तर ते जास्तच गांभीर्याने घ्या, कारण गोळी ते कमी करते, वाढवत नाही.

कोकणकडा

एचआरटीची गोळी सोडून जेलवर गेल्यावर कॉर्टिसॉल लगेच मोजला तर चालेल?

पेशीबंध

नाही. पोटातली गोळी बंद झाल्यापासून सहा आठवडे मोजा, जेल त्या काळात चालू राहू द्या. फॉर्मवर शेवटची गोळी घेतल्याची तारीख आणि जेलचं नाव दोन्ही लिहा.